जॉइन जमला, पण नलने फसवलं

डेटाबेस शिकायच्या आधी मी सगळं एकाच शीटमध्ये कोंबायचे. लायब्ररीचं घ्या, प्रत्येक ओळीत सभासदाचं नाव, फोन, पुस्तक, लेखक, नेल्याची तारीख. एकाने ४० पुस्तकं नेली की त्याचा फोन ४० वेळा, मग तो नंबर बदलला की आपण ३८ ठिकाणी बदलतो, दोन ओळी राहून जातात आणि खरा नंबर कुठला हे कोणालाच सांगता येत नाही.

रिलेशनल डेटाबेसमध्ये त्याची तीन टेबलं होतात. सभासद, पुस्तकं, देवघेव. प्रत्येक सभासदाला एक आयडी, ती झाली प्रायमरी की, म्हणजे ओळखीची किल्ली, दोघांची सारखी नसते आणि रिकामी तर चालतच नाही. देवघेवीत नाव-फोन काही नाही, नुसता तो आयडी, तिथे त्याला फॉरेन की म्हणायचं. नसलेल्या सभासदाचा आयडी टाकून बघा, डेटाबेस एंट्रीच घेत नाही! ही सगळी कल्पना आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली, आणि पुढे तिथेच चेंबरलिन आणि बॉइस यांनी सीक्वेल नावाची भाषा केली, ट्रेडमार्कच्या भानगडीत नाव एसक्यूएल झालं पण बरेच जण अजून सीक्वेलच म्हणतात.

भाषा सोपी आहे हो. सिलेक्ट नाव, फोन फ्रॉम सभासद व्हेअर आयडी = ७, म्हणजे सभासद टेबलातून ज्याचा आयडी ७ आहे त्याचं नाव आणि फोन दे. काय हवंय तेवढं सांगायचं, कसं शोधायचं ते डेटाबेस बघून घेतो. फक्त अपडेट किंवा डिलीट करताना व्हेअर विसरू नका, सगळंच्या सगळं टेबल बदलतं किंवा रिकामं होतं.

वेगळी केलेली टेबलं विचारताना परत जोडायची, तो जॉइन. साध्या जॉइनमध्ये ज्याने कधी पुस्तकच नेलं नाही तो सभासद यादीतून गायब होतो. तोही हवा असेल तर सभासद डावीकडे ठेवून लेफ्ट जॉइन, मग देवघेवीच्या रकान्यांत त्याच्यापुढे नल दिसतो.

आणि हा नल म्हणजे शून्य नाही, कोरी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर, पण नाही (ओरॅकल नावाचा डेटाबेस मात्र कोऱ्या स्ट्रिंगलाच नल समजतो, तो वेगळाच ताप). नल म्हणजे माहीत नाही. माहीत नसलेल्या गोष्टीची तुलना कशाशीही केली तरी उत्तर "माहीत नाही" हेच, अगदी नल = नल विचारलं तरी, आणि व्हेअर फक्त खऱ्या निघालेल्या ओळी ठेवतो.

मला हे कळलं ते फजिती होऊन. परत न आलेली पुस्तकं काढायची होती, म्हणजे देवघेवीत ज्यांची परत_तारीख नल आहे ती, मी लिहिलं व्हेअर परत_तारीख = नल. एरर नाही, काही नाही, शून्य ओळी. मी खुशीत सांगूनही टाकलं की सगळी पुस्तकं परत आलीत, समोर कपाटं अर्धी रिकामी दिसत असताना. मग कोणीतरी मागून म्हणालं, अगं तिथे इज नल लिही. लिहिलं, तर यादी स्क्रीनभर खाली धावायला लागली.