जगाच्या यादीत आमचं भडंग का नाही?

जगभरातले न राहवणारे पदार्थ म्हणून कुणीही यादी काढली की त्यात पिझ्झा, फ्रेंच फ्राईज, चॉकलेट, रामेन, टाको हे ठरलेलं असतं. ते सगळं बरोबरच आहे, त्यातलं काहीही माझ्यापुढं ठेवा मी नको म्हणणार नाही, पण त्या यादीत आमचं सांगलीचं भडंग, म्हणजे लसूण-शेंगदाण्याचे तिखट चुरमुरे, कुठंच नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि हे नुसतं गावाचं प्रेम नाही हां. एखादा पदार्थ माणसाला सोडवत का नाही यावर मी मध्ये बरंच वाचलं, आणि जे कळलं त्यावरनं मला खात्रीच झाली की भडंग त्या यादीत अगदी वरच्या नंबरात बसतं.

आवाजापासनं सुरुवात करते. ऑक्सफर्डमध्ये मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स या दोघांनी बटाट्याच्या चिप्सवर एक प्रयोग केला होता, २००४ साली त्याचा पेपर आला. लोकांच्या कानाला हेडफोन, तोंडापुढं माईक, चिप्स चावला की त्याचा आवाज त्यांनाच ऐकू यायचा, पण मधल्या मध्ये तो कमीजास्त केलेला असायचा. चिप्स सगळे सारखेच, तरी आवाज मोठा केला की लोक म्हणायचे हा जास्त कुरकुरीत आहे, ताजा आहे. मला हे वाचल्या वाचल्या पटलं, कारण पावसाळ्यात चुरमुरे सादळले की तेच मीठ तेच तिखट असून सुद्धा भडंगाकडं कुणी बघत नाही, एक घास घेऊन ताटली बाजूला सरकते. बेल्जियमचे लोक फ्राईज दोनदा तळतात ते पण याच्यासाठीच, आधी मंद तेलात आतनं शिजवून घ्यायचे, जरा गार होऊ द्यायचे आणि मग कडक तेलात सोडायचे. आमच्याकडं तेच काम भट्टीवाला करतो. उकडून वाळवलेला, मीठ लावलेला तांदूळ तापलेल्या वाळूत टाकला की दाण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि दाणा फुलून चुरमुरा होतो, म्हणजे आत निम्म्याहून जास्त नुसती हवाच.

आणि ती हवाच तर खरी गंमत करते. स्टीव्हन विदर्ली म्हणून एक अन्नशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं असं की पदार्थ तोंडात पटकन विरघळला की मेंदूला वाटतं पोटात फारसं काही गेलंच नाही, आणि मग माणूस खातच राहतो. चॉकलेटचं थोडं वेगळं आहे, पण तोंडात विरघळणं तिथंही आहेच. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशाला वितळतं आणि आपलं अंग असतं ३७ ला, म्हणून ते हातात घट्ट राहतं आणि जिभेवर गेलं की पाणी होतं. भडंगाचा बकाणा भरा, चार वेळा चावा, तोंड रिकामं. लगेच दुसरी मूठ.

आता मामी भडंग कसं करते ते सांगायलाच पाहिजे, कारण बाहेरचं कितीही चांगलं असलं तरी मामीच्या हाताचं ते वेगळंच. चुरमुरे आधी गच्चीत जुन्या सुती साडीवर उन्हात पसरते, मधनं मधनं एक दाणा दोन बोटात धरून चुरगाळून बघते, भुगा झाला तर झालं, नुसताच दबला तर अजून थांबायचं. कढईत शेंगतेल, त्यात शेंगदाणे मंद आचेवर, साल तडकायला लागली की काढायचे, काढल्यावरही ते आतल्या आत शिजत राहतात त्यामुळं एक क्षण पण उशीर चालत नाही. त्याच तेलात सालासकट ठेचलेला लसूण, आणि लसूण भरपूर, कंजूषपणा केलेला मामीला आवडत नाही, तो कडेनं लालसर झाला की कढीपत्ता. मग गॅस बंद, आणि बंद केल्यावरच हळद आणि तिखट घालायचं, चालू गॅसवर घातलं तर तिखट करपतं आणि अख्ख्या घराला ठसका लागतो. मीठ बेतानं कारण चुरमुरे खारेच असतात, पिठीसाखर, थोडी आमचूर. हे सगळं परातीतल्या चुरमुऱ्यावर ओतायचं आणि हातानं खालवर करत राहायचं, प्रत्येक दाणा पिवळालाल दिसेपर्यंत, पण बोटाला तेल लागता कामा नये.

शेंगदाणे भाजले-तळले की जो वास सुटतो ना, त्याच्या मागं जी प्रक्रिया आहे तिला लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आहे, त्यानं ती १९१२ साली मांडली. उष्णतेनं प्रथिनातले घटक आणि साखर एकमेकांशी जुळतात आणि शेकडो नवे वास तयार होतात. भाजलेला कोको, पिझ्झाच्या कडेवरचे काळे डाग, कॉफी, आपल्या भाकरीवरचे तांबूस ठिपके, सगळीकडं तेच. नेपल्समध्ये पिझ्झा ४८० अंशाच्या आसपास तापलेल्या लाकडाच्या भट्टीत मिनिट दीड मिनिटात होतो, म्हणून तर कड बाहेरनं डागाळलेली आणि आतनं मऊ राहते. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत घेतलं, आणि मला ते फार आवडलं, मान पदार्थ करणाऱ्या हातालाच मिळाला पाहिजे. पिझ्झ्यात टोमॅटो आणि मुरलेलं चीज दोन्हीत ग्लुटामेट भरपूर असतं, ज्याची चव किकुनाए इकेदा यांनी १९०८ ला जपानमध्ये कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या रश्शातनं शोधली आणि तिला उमामी म्हटलं. रामेनचा रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत का संपवला जातो त्याचं उत्तर तिथं आहे.

पण माझं खरं प्रेम ज्याच्यावर बसलं तो पदार्थ म्हणजे थायलंडचं सोम ताम. कच्ची पपई किसून, लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, ताडाचा गूळ, लिंबू, माशाचा खारा रस, हे सगळं उखळीत हलक्या हातानं कुटतात. जरा बघा आता, लसूण, मिरची, शेंगदाणे, गोड, आंबट, खारट. ही तर भडंगाचीच यादी झाली! पपईच्या जागी चुरमुरा, एवढाच काय तो फरक. इतक्या लांबच्या दोन गावांनी एकमेकांना न विचारता तीच जुळणी केलीय. बार्बरा रोल्स यांच्या संशोधनात असं आहे की एकच चव सारखी खाल्ली की तिचा कंटाळा येतो, पण चव बदलत राहिली की खाणं लांबतं. भडंगात एका मुठीत लसणाची कुरकुरीत पाकळी येते, दुसरीत नुसता गोडसर चुरमुरा, तिसरीत दाणा, वर कच्चा कांदा आणि कैरीची फोड असेल तर विचारायलाच नको.

आणि मिरची! डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल (आर्देम पटापुटियन यांच्यासोबत) ज्या कामासाठी मिळालं ते मिरचीवरनंच सुरू झालं. तोंडातल्या ज्या रिसेप्टरला खराखुरा चटका कळतो तोच मिरचीतल्या कॅप्सेसिननं जागा होतो, म्हणजे भाजत काहीच नसतं तरी भाजल्यासारखं वाटतं, नाकाडोळ्यातनं पाणी येतं, आणि तरी आपण परत हात घालतो. ही मिरची मूळ मेक्सिकोकडची, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीज जहाजांनंतर इकडं रुजलेले. तांदूळ नि हळद मात्र आपल्या, त्यातही हळद आमची खास, सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, साठवायचे ती, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालं. म्हणजे अर्धं जग आधीच भडंगात येऊन बसलंय, त्यामुळं भडंगानं जगाच्या यादीत जायला कुणाची हरकत असायचं कारणच नाही.

कुणी परदेशात पाकीट घेऊन जाणार असाल तर एवढंच करा, कांदा, लिंबू, कोथिंबीर अगदी खायच्या वेळी आणि तेवढ्याच वाटीत मिसळा, अख्ख्या डब्यात नको. समोरच्याला चमचा पण देऊ नका. मुठीनंच खाऊ दे.