हॅरिअर की टायगुन: जुनी गाडी घेताना काय तपासलं

बजेट एकच, गाड्या दोन: टाटाची बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम पाळणारी) हॅरिअर डिझेल ऑटोमॅटिक आणि फोक्सवॅगनची टायगुन १.५ डीएसजी (दोन क्लचांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). घरात लगेच "देशी घ्या की परदेशी" सुरू झालं. पण हॅरिअरचं २ लिटरचं इंजिन मूळ फियाटचं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ह्युंदाईचा, सांगाडा लँड रोव्हरच्या डी-८ वरून घेतलेला; आणि 'जर्मन' टायगुन बनते चाकणला. म्हणून मी बिल्ल्याचा विचारच सोडला.

टायगुनच्या ७ गिअरांच्या डीएसजीत कोरडे क्लच आहेत. थंड करायला तेल नाही, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये अर्ध्या क्लचवर सरकत राहिली की ते तापतात. मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारून हे कळत नाही. २० मिनिटं चालवून गाडी गरम केली, मग ब्रेक हलके सोडत रांगवली. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना थरथर आली, तर क्लचचा भाव आधी काढायचा. (टायगुन १.० च्या ऑटोमॅटिकला टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे ताकद क्लचऐवजी तेलातून पोचते. रोज सिग्नलला अडकणाऱ्यांनी तीच बघावी.)

हॅरिअरचं दुखणं वेगळं. डीपीएफमध्ये, म्हणजे धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठते आणि ती जळायला गाडी सलग, जरा वेगात पळावी लागते. शाळा-बाजाराच्या ४-५ किमीच्या फेऱ्यांत ते काम अर्धवट राहतं आणि काजळी जाळायला सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. म्हणून आधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढायची: पातळी वरच्या खुणेच्याही वर आणि डिझेलचा वास, तर तिथूनच परत. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) काजळीचं प्रमाण वाचलं. विकण्याआधी बिघाडाचे कोड पुसून टाकतात; मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, 'अपूर्ण' दिसले की काय ते समजायचं.

टायरवर २३२१ असेल तर तो २०२१ च्या २३व्या आठवड्यातला. चारांत एकच नवा असेल, तर का ते विचारा.

हेडलाइट, समोरची काच आणि सस्पेन्शनचा लोअर आर्म, या तिन्हींचे भाव आणि किती दिवस थांबावं लागेल, हे दोन्हीकडच्या पार्ट काउंटरवरून लिहून आणलं. विश्वासार्हतेच्या गप्पांपेक्षा हा कागद कामाचा. ग्लोबल एनकॅपचे (गाड्या धडकवून सुरक्षा तपासणारी संस्था) ५ तारे टायगुनला २०२२ मध्ये मिळाले. हॅरिअरचे तारे २०२३ च्या फेसलिफ्टचे, म्हणजे सुधारित मॉडेलचे. जुनीला ते चिकटवू नका.

स्टिअरिंग आणि दाराचा तो 'धप्प' आवाज, यात टायगुन सरस. पण माझी रोजची धाव हायवेची, म्हणून हॅरिअर घेतली. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. आरसीवर कर्जाचा बोजा होता, त्यामुळे तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे दिले नाहीत.