टी-ट्यूब, बास्केट आणि रुंद तोंडाच्या बरण्या : आमची वाटचाल

1894 ला वॉनलेस साहेबांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून आमचं गाव दवाखान्यांवरच चालतं म्हणा ना. तिथंच 1996 ला एका गाळ्यात आम्ही सर्जिकलचं दुकान टाकलं, कापूस गॉज ग्लोव्हज एवढाच माल.

तेव्हा पित्तनलिकेत खडा अडकला की बहुतेक पोट उघडायचे, नळी चिरून खडा काढायचे आणि टी-ट्यूब, म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची नळी, टाकून पित्त बाहेर पिशवीत. एकदा लॅटेक्सची ट्यूब संपलेली, मी तोऱ्यात सिलिकॉनची पाठवली, भारी माल म्हणून. डॉक्टरांचा फोन, "अहो, महाग नको, रबराचीच द्या!" लॅटेक्सनं आजूबाजूचं मांस चिडतं, ट्यूबभोवती घट्ट वाट तयार होते, मग दोन-तीन आठवड्यांनी ट्यूब ओढली तरी पित्त पोटात सांडत नाही. सिलिकॉनला ती वाट नीट धरत नाही. मी बी.कॉम., मला काय माहीत! पण तेव्हापासून कुठलाही माल कशाला लागतो हे विचारल्याशिवाय पाठवत नाही.

मग आमच्याकडं ईआरसीपी आलं, तोंडातून दुर्बीण घालून नलिकेचं तोंड जरासं कापायचं आणि बास्केटनं (तारेची बारीक जाळी) नाहीतर बलूननं (छोटा फुगा) खडा ओढायचा. टी-ट्यूबचा खप बसला, आणि नवीन माल हजारांत, एक्सपायरी आमच्या बोकांडी. पहिल्या वर्षी मी पित्तनलिका उघडी ठेवणारे स्टेंट, म्हणजे बारीक नळ्या, 7 फ्रेंच जाडीचे भरून ठेवले आणि मागणी सगळी 10 ची (3 फ्रेंच म्हणजे 1 मिमी), बायकोनं अजून ऐकवायचं सोडलं नाही. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा असतो, पण कावीळ उतरली की पेशंट विसरतो, मग तो तुंबतो आणि थंडी वाजून ताप. म्हणून मुलगी आता प्रत्येक पाकिटासोबत तारीख लिहायचं कार्ड देते. लॅटेक्सच्या दोन ट्यूब मात्र कायम ठेवतो, खडा मोठा असला, दुर्बिणीनं निघाला नाही की अजूनही रात्री फोन येतो.

गाठींचं काम नंतर वाढलं. साध्या चरबीच्या गाठीला विशेष काही लागत नाही, पण मांडीत खोलवर 5 सेंमीच्या वरची असली तर कॅन्सरची शंका, म्हणून आधी एमआरआय, मग ट्रू-कट सुईनं तपासणीला बारीक तुकडा, आणि सुई पण पुढं जिथं चीर घ्यायची त्याच रेषेत, कारण सुईची वाटसुद्धा गाठीबरोबर काढावी लागते. काढलेली गाठ लॅबला पाठवताना फॉर्मालिनमध्ये, म्हणजे ती खराब होऊ न देणाऱ्या द्रावणात जाते, तेही तिच्या दहापट तरी पाहिजे. आम्ही आपले छोट्या बाटल्या देत होतो, दवाखान्यातल्या एका वॉर्डबॉय मामांनी गाठ अरुंद तोंडातून कोंबून बसवली आणि लॅबवाल्यानं मला झापलं. आता दोन आणि पाच लिटरच्या रुंद तोंडाच्या बरण्या ठेवतो. लोणच्याच्या बरण्या विकणाऱ्याकडूनच घेतो, त्याला अजून सांगितलेलं नाही कशाला ते.