हात काढून घेतला

रविवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. मिहू केव्हाच झोपली, तिच्या खोलीतला पंखा तेवढा ऐकू येतोय.

झालं तसं काहीच नाही. अंधार झाल्यावर मी तिचा हात हातात घेतला होता, लहानपणी घ्यायचे तसा. लहानपणी कुठे घेतला म्हणा, पण जाऊदे. तर हात हातात होता, आणि पिक्चर सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, तिने तो काढून घेतला. झटकला वगैरे अजिबात नाही, हळूच सोडवून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. एवढंच. आणि तेव्हापासून माझं डोकं तिथेच अडकलंय.

फेस्टिव्हलचे पास तिनेच काढले होते. चीनवरच्या माहितीपटांचा वेगळा विभाग ठेवलाय यंदा, मला म्हणाली आई तू पण चल, चार दिवस सुट्टी टाक. मला केवढा आनंद झाला होता. काल फंगमिंग नावाच्या म्हाताऱ्या बाईंचा बघितला, वांग बिंग या दिग्दर्शकाचा, २००७ सालचा. तीन तास बाई स्वतःच्या घरात खुर्चीत बसून बोलतात, बाकी काही नाही. १९५७ साली नवरा-बायको दोघांवर 'उजवे', म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचे विरोधक, म्हणून शिक्का बसला, नवऱ्याला गोबीच्या वाळवंटाकडच्या जियाबियानगौच्या छावणीत पाठवलं आणि तिथे तो उपासमारीने गेला, या भेटायला पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. बोलता बोलता संध्याकाळ होत जाते, खोलीत अंधार भरतो, बाईंचा चेहरासुद्धा दिसेनासा होतो तरी त्या बोलतच राहतात, कोणी उठत नाही. शेवटी कॅमेऱ्यामागून तो विचारतो, लाइट लावता का. मी काल रात्री मिहूला म्हणलं, माणूस असा समोर बसून ऐकणारा पाहिजे. ती नुसतं हं म्हणाली.

आज लास्ट ट्रेन होम होता. लिशिन फानचा, २००९ चा. सिचुआनमधल्या खेड्यातलं जोडपं, मुलगी तान्ही असताना आजी-आजोबांकडे ठेवून लांब ग्वांगझोऊला कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायला गेलेलं. वर्षातून एकदा, त्यांच्या नववर्षाला घरी येतात. त्या चाळीस दिवसांत तिकडे रेल्वेला जी गर्दी होते ती पडद्यावर बघूनसुद्धा जीव घाबरतो, आणि यात २००८ चं वर्ष आहे, हुनानमध्ये विजेच्या तारांवर बर्फ साचून रेल्वे लाइनच बंद पडली होती तेव्हाचं. ग्वांगझोऊ स्टेशनबाहेर लाखो माणसं दिवसचे दिवस अडकलेली, छत्र्या, बोचकी, रडणाऱ्या बायका, पोलिसांची साखळी. घरच्यांसाठी घेतलेल्या पिशव्या छातीशी धरून उभी माणसं. मला त्या पिशव्या बघवेनात. माझी ती निळी बॅग अजून माळ्यावर आहे.

मागच्या रांगेत कोणीतरी बाई कुजबुजल्या, "मग मुलांना बरोबर न्यायचं ना, एवढा जीव तुटतो तर." मला असा राग आला की मागे वळून बोलणारच होते. अहो, न्यायचं कसं? तिकडे हुको म्हणून नोंदणी असते, १९५८ पासूनचा कायदा, तुम्ही ज्या गावचे त्या गावचेच. शहरात पंधरा-पंधरा वर्षं राबलात तरी मुलाला सरकारी शाळेत घालायचं म्हणजे मारामार, आणि कॉलेज प्रवेशाची ती मोठी परीक्षा द्यायला तेव्हा तर पुन्हा नोंदणीच्या गावीच. मग मुलं राहतात मागे. मागे राहिलेली मुलं, असा त्यांच्याकडे शब्दच आहे. २०१० च्या जनगणनेवरून त्यांचा आकडा काढला होता, सहा कोटींच्या वर. मी हे सगळं वाचलंय कारण मला ते वाचल्याशिवाय राहवत नाही. मी मस्कतला नोकरीला होते तेव्हा माझ्या पगारात फॅमिली व्हिसा मिळत नव्हता हे मी किती जणांना किती वेळा सांगितलं असेल. वहिनीला तर दर गणपतीत.

पण हात तिने तिथे काढला नाही.

तो मोठा सीन आहे ना, नववर्षाला सगळे घरी जमलेत, वयात आलेली मुलगी उलटून शिवी देते आणि बाप तिला मारतो, मग दोघं एकमेकांच्या अंगावर, आणि ती पोरगी रडत ओरडत कॅमेऱ्याकडेच वळते की खरी मी बघायची होती ना, ही बघा. सगळं थिएटर गार झालं. माझ्या तर पोटात गोळा आला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून मिहूकडे बघितलं, ती शांत बसलेली. म्हणजे त्याचं तिला काही लागलं नाही, किंवा लागलं असेल तर दिसलं नाही. हात त्याच्या कितीतरी आधी गेला होता. मुलगी आजोबांच्या थडग्यापाशी जाते, तिथे.

नाना.

हे मला मघाशी भांडी घासताना कळलं. तोवर मी धरून बसले होते की ती माझ्यावर रागावलीये, इतक्या वर्षांनी पिक्चरने तिला आठवण करून दिली की आई नव्हती. आणि मला स्वतःचीच इतकी दया आली की काय सांगू. रात्रपाळ्या आठवल्या, चौघीजणी एका खोलीत, दुसऱ्यांची बाळं अंगाखांद्यावर घेऊन फिरायचं आणि शुक्रवारी कार्ड घेऊन फोनला रांग लावायची. आणि त्या फोनवर मी काय विचारायचे तर किती मार्क पडले. हे आज पडद्यावर तसंच्या तसं होतं. आईबाप वर्षाने घरी आलेत, ताटावर बसलेत, दोन घास होत नाहीत तो अभ्यासावर गाडी. बघताना मला वाटलं अगं बाई दुसरं काहीतरी विचार, काय खाल्लंस विचार, कुत्र्याला पिल्लं झाली का विचार. पण त्या आईला तरी दुसरं काय माहीत असणार? मुलाचा रोजचा दिवस माहीत असेल तर प्रश्न सुचतात. माहीत नसला की मार्कच उरतात विचारायला. कार्डाची मिनिटं सरत असायची आणि मला काही सुचायचं नाही, आणि मिहू पलीकडून नुसती श्वास घ्यायची, मग नानांचा आवाज यायचा, बोल गं आईशी. दर वेळी तेच म्हणायचे.

नाना गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचले. ते आत्ता नको.

पण मिहू होती तिथे. साडेआठ वर्षांची. आई म्हणते ती त्यांच्या चष्म्याचं घर हातातून सोडत नव्हती, झोपतानासुद्धा. मी आले तेव्हा मी तिला जवळ घेतलं तर तिने एका हाताने मला धरलं, दुसऱ्या हातात ते घर. मला अजून दिसतो तो हात. तपकिरी रेक्झिनचं घर, कडेची शिवण उसवलेली.

म्हणजे आज तिला तो हात मोकळा हवा होता असं असेल का? की असं काही नसेलच, हात घामेजला असेल, एसी तरी कुठे धड चालत होता. मी विचारलंच नाही. बाहेर आल्यावर रिक्षात ती म्हणाली, "शेवटी आई गावाकडे निघाली ते बरं झालं ना." तिथे आई कारखान्याची नोकरी सोडून निघते, धाकटा मुलगा तरी हातचा जाऊ नये म्हणून, आणि बाप स्टेशनवरून एकटा परत फिरतो. मी म्हणलं, "मीपण आलेच की गं, तू सातवीत होतीस." आणि म्हणल्या म्हणल्या मला वाटलं, कशाला बोलले मी हे. ती म्हणाली, "हो, माहितीये." मग सिग्नल लागला आणि तिने मोबाइल काढला.

'हो, माहितीये' मध्ये राग नव्हता. मी चार वेळा मनात ते परत म्हणून बघितलंय, राग नाहीच सापडत.

मघाशी रडू आलं होतं, आता नाही येत. तिच्या आयुष्यात काही वर्षं अशी आहेत की तिथे मी नाहीये, नाना आहेत. त्यांनी केलेली वेणी, त्यांच्या सायकलवरून शाळा, बाजारपुलावर नदीला आलेलं पाणी बघायला जाणं. ते सगळं तिचं आणि त्यांचं. मी इतकी वर्षं तिथे घुसायला बघतेय, पैसे पाठवत होते, फोन करत होते, व्हिसा मिळत नव्हता, सगळं खरं आहे, पण त्या पुलावर मी नव्हते. ते पूर आलेलं पाणी मला नुसतं ऐकूनच माहीत. आज हात सोडवून ती तिकडे दोन मिनिटं जाऊन आली असेल तर येऊदे. मला नेलं नाही म्हणून मी का रुसू. माझे वडीलच होते ते, माझ्या लेकीला इतकं लाभले.

आणि मग जेवताना तिनेच विषय काढला, उद्या वेस्ट ऑफ द ट्रॅक्स आहे. तोसुद्धा वांग बिंगचाच. शेनयांगच्या तिएशी भागातले जुने सरकारी कारखाने बंद पडत गेले ते त्याने १९९९ पासून दोन वर्षं छोटा कॅमेरा घेऊन एकट्याने टिपलंय. नऊ तासांचा आहे. तीन भाग, मधे सुट्ट्या. मला वाटलं माझ्या पाठीसाठी ती नको म्हणेल, तर म्हणाली, "आई, बसशील ना पूर्ण? सकाळी लवकर जाऊ, कडेच्या सीट मिळतील, तुला पाय लांब करता येतील." मी विचारलं कशावर आहे शेवटचा भाग, तर म्हणाली रेल्वेयार्डात कोळसा वेचून जगणारा बाप आहे आणि त्याचा मुलगा. आणि मग लगेच, "डबा न्यायचा का? आत खाऊ देत नाहीत, पण सुट्टीत बाहेर पायऱ्यांवर बसू."

थालीपीठं करते. आईने पाठवलेली भाजणी तळाला गेलीये, थोडं ज्वारीचं पीठ घालून सहा-सात तरी होतील. लोणी नको, उन्हात वितळेल, दही घट्ट डब्यात. कांदा आत्ताच चिरून ठेवावा का, नको, वास येतो सकाळपर्यंत. गजर साडेपाचचा लावलाय.