शिकागो ते यलोस्टोन: फिफ्थ-व्हील ओढण्याआधी काट्यावर

यंदाच्या उन्हाळ्यात शिकागोजवळच्या आमच्या घरून यलोस्टोनला गेलो. साताऱ्याहून आलेले आई-बाबा सोबत होते, म्हणजे पिकअप ट्रकमध्ये पाच माणसं आणि मागे फिफ्थ-व्हील ट्रेलर, म्हणजे ट्रकच्या हौद्यात जोडून ओढायचं चाकांवरचं घर. रस्त्याबद्दल पुढे लिहितेच, पण आधी वजनाबद्दल लिहिते. ओळखीतली दोन-तीन कुटुंबं सध्या ट्रेलर घ्यायच्या विचारात आहेत, आणि ट्रक निवडताना सगळे एकच आकडा बघताहेत: हा ट्रक किती ओढतो? फिफ्थ-व्हीलच्या बाबतीत तो आकडा बहुतेक वेळा पुरून उरतो. कमी पडतो तो पेलोड, म्हणजे ट्रक स्वतःच्या अंगावर किती भार पेलतो तो आकडा.

फिफ्थ-व्हीलची पिन, म्हणजे पुढची जोडणीची खुंटी, ट्रकच्या हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) जवळजवळ डोक्यावर अडकते. त्यामुळे ट्रेलरच्या एकूण वजनाचा १५ ते २५ टक्के भाग थेट ट्रकवर बसतो. तुमच्या ट्रकला किती भार चालतो, हे चालकाच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीवरच्या स्टिकरवर दिसतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको. आमच्या तीन-चतुर्थांश टनी (हे ट्रकच्या वर्गाचं नुसतं नाव, खरी क्षमता नव्हे) डिझेल ट्रकवर तो आकडा २,५७० आहे आणि भरलेल्या ट्रकचं कमाल वजन १०,००० पौंड. त्या २,५७० मध्ये पाच माणसं, हौद्यातला हिच (पिन अडकवायचा सांगाडा) आणि पिनचा भार हे सगळं बसायला हवं. कंपनीच्या माहितीपत्रकात आमच्या ट्रेलरचा पिनचा भार १,७८० पौंड दिलाय, पण तो रिकाम्या ट्रेलरचा. त्यात पाणी नाही, तांदूळ नाही, कणीक नाही, कुकर नाही.

म्हणून निघण्याच्या आधीच्या शनिवारी, सगळं सामान भरून, डिझेलची टाकी फुल्ल करून, घरातल्या सगळ्यांना बसवून जवळच्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर गेलो. महामार्गावर राज्य सरकारची जी तपासणी नाकी असतात ती वेगळी. हा खाजगी वजनकाटा, पंधरा डॉलरच्या आसपास घेतात आणि छापील पावती देतात. शक्यतो सकाळी लवकर जा. दुपारनंतर मालवाहू ट्रकांची रांग लागते, आणि त्यांचा वेळ म्हणजे त्यांची रोजीरोटी.

काट्याला एकामागे एक असे सलग प्लॅटफॉर्म असतात. पुढची चाकं पहिल्यावर, ट्रकची मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. खाली उतरून एकदा खात्री करून घ्या, मग परत गाडीत बसा. काट्यावरच्या कर्मचाऱ्याशी बोलायचं बटण मोठ्या ट्रकच्या खिडकीच्या उंचीला असतं, हात पुरत नाही. फोनवरच्या त्यांच्या अ‍ॅपमधून पैसे भरले तर ती अडचणच येत नाही. पावती मिळाल्यावर बाजूच्या पार्किंगमध्ये ट्रेलर सोडा (काट्यावर कधीही सोडू नका) आणि नुसता ट्रक पुन्हा वजन करा. त्याच काट्यावर २४ तासांच्या आत दुसऱ्यांदा वजन केलं तर पैसे बरेच कमी पडतात. दोन्ही वेळा गाडीत तीच माणसं हवीत. आजी नातवाला घेऊन मधेच बाथरूमला गेली तर वजाबाकी फसते.

आमची पावती अशी होती: ट्रकचा पुढचा अ‍ॅक्सल ४,७४०, मागचा ५,६८०, ट्रेलरचे अ‍ॅक्सल ९,४६०, एकूण १९,८८० पौंड. नुसता ट्रक ८,२४०. ट्रेलर जोडलेला असताना ट्रकचे दोन अ‍ॅक्सल मिळून १०,४२०. त्यातून ८,२४० वजा केले की पिनचा भार २,१८० पौंड. एकूण वजनातून ८,२४० वजा केले की ट्रेलर ११,६४० पौंडांचा. ट्रेलर स्वतःच्या १२,३०० च्या मर्यादेत होता, अ‍ॅक्सलही आपापल्या मर्यादेत होते. पण ट्रक ४२० पौंडांनी जास्त भरला होता. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, मागचा भाग जरासा बसलेला, एवढंच. म्हणूनच मी काट्याचा इतका आग्रह धरते.

मग घरी येऊन सामान काढलं. ताज्या पाण्याची ५० गॅलनची टाकी आमच्या ट्रेलरमध्ये अ‍ॅक्सलच्या पुढे आहे. गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे पूर्ण टाकी सव्वाचारशे पौंडांच्या घरात. ती रिकामी केली. पुढच्या कप्प्यात हत्यारांची पेटी, बाटलीबंद पाण्याचे खोके, तांदळाच्या आणि कणकेच्या वीस-वीस पौंडी पिशव्या होत्या. काही घरी ठेवलं, बाकीचं अ‍ॅक्सलच्या मागे हलवलं. मात्र सगळंच मागे ढकलू नका. पिनवरचा भार १५ टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर डोलायला लागू शकतो.

प्रवासाच्या पहिल्याच दिवशी आयोवातल्या वॉलकॉटला आय-८० महामार्गावर, २८४ क्रमांकाच्या एक्झिटला थांबून पुन्हा वजन केलं. हा १९६४ साली सुरू झालेला ‘आयोवा ८०’, जगातला सर्वांत मोठा ट्रक स्टॉप म्हणून ओळखला जातो, आणि कॅट स्केलची कंपनीही १९७७ पासून याच गावची. शेजारी जुन्या ट्रकांचं संग्रहालय आहे. बाबा तिथून निघायलाच तयार नव्हते. पावतीवर ट्रक ९,९८०, पिनचा भार १,७४०, म्हणजे ट्रेलरच्या वजनाच्या साडेपंधरा टक्के. इकडे १०,००० ची हद्द, तिकडे १५ टक्क्यांची. स्पष्टच सांगते, पाच माणसांसाठी हा ट्रक या ट्रेलरला जेमतेम पुरतो. नवीन घेणाऱ्यांनी त्यावरच्या वर्गातला, एक टनीच बघावा. मागच्या अ‍ॅक्सलला एअरबॅग (आधाराचे हवेचे फुगे, अपघातातली एअरबॅग नव्हे) लावा म्हणून कोणी सुचवेल. त्याने ट्रकचा मागचा भाग उचलला जातो, दारावरचा आकडा बदलत नाही.

कॅट स्केलवर डाव्या-उजव्या चाकांचं वजन वेगळं कळत नाही. स्वयंपाकघर आणि फ्रिज एकाच बाजूला असतील तर ते कळणं महत्त्वाचं आहे. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनला एस्केपीज या ट्रेलरवाल्या प्रवाशांच्या क्लबकडे चाकागणिक वजन करून मिळतं. तिकडे जाणं झालं तर करून घ्या.

आयोवा ओलांडून आय-२९ ने सू फॉल्स, तिथून आय-९० ने पश्चिमेकडे. साउथ डकोटात वेगमर्यादा ताशी ८० मैल आहे, पण ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची मर्यादा ६५ असते. टायरच्या कडेवर वाचा आणि उजव्या लेनमध्ये राहा. हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासा. बॅडलँड्सच्या आसपास आडवा वारा जोरात होता, तरी ट्रेलर सरळ चालला.

खरी परीक्षा वायोमिंगमध्ये. बफेलो गावाच्या पुढे बिगहॉर्न डोंगर ओलांडायला तीन रस्ते आहेत. त्यातला १४-ए टाळाच, त्याचा उतार १० टक्क्यांपर्यंत जातो. ट्रेलरवाल्यांनी यूएस-१६ घ्यावा. तो ९,६६६ फुटांवरच्या पावडर रिव्हर पासवरून जातो आणि टेन स्लीप गावापर्यंत पाच हजार फुटांहून जास्त उतरतो. खंडाळ्याच्या घाटात जुने ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, तेच इथे. टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग), एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोरावर वेग रोखणारा), आणि वेग वाढला तर ब्रेक दाबून पुरेसा कमी करून सोडायचा. सतत पाय ठेवून राहायचं नाही. खाली पोहोचून चाकांजवळ गेले, ब्रेकचा वास नव्हता.

यलोस्टोनच्या आत पाणी, वीज आणि सांडपाणी तिन्ही जोडण्या फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये (अशा राहायच्या गाड्यांच्या तळावर) मिळतात. तिथे अस्वलांमुळे कापडी भिंतींचे ट्रेलर चालत नाहीत. आरक्षण लवकर करा. निघताना सांडपाण्याच्या टाक्या तिथेच रिकाम्या करा आणि ताजं पाणी दोन दिवसांपुरतंच घ्या. परतीच्या वाटेवर टेन स्लीपहून तोच घाट चढायचा असतो.