रुमालाखालचा आकडा

आमच्या बाजारातले तात्या गेले आणि त्यांच्या दहाव्यानंतरच्या पहिल्याच बाजारात जे झालं ते काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय. मी सरकारी जनावरांचा डॉक्टर. बाजाराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माणदेशातला आहे, खिलार बैलांचा मुलूख, एवढं पुरे.

लोकांना वाटतं डॉक्टर गेटवर बसून एकेक जनावर तपासतो. तपासतो, पण अर्धा दिवस कानातले पिवळे बिल्ले वाचण्यात जातो. बारा आकडी नंबर, त्यावर शेण, जनावर मान झटकतंय, मागे टेम्पोवाला हॉर्न मारतोय. 2024 पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही असा नियम आहे, नियम चांगलाच आहे, पण ऑनलाइन नोंद घ्यायची तर बाजारात रेंज पाहिजे, आणि ज्यांनी हे ठरवलं ते बाजाराच्या दिवशी सकाळी पाच वाजता इथे कधी उभे राहिलेले मी तरी बघितले नाहीत.

तात्या दलाल. आमच्याकडे दलाल म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, आणि बऱ्याच दलालांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण तात्यांच्या दावणीचे नियम वेगळे होते. दुभतं जनावर बाजारात आणायचं म्हणजे लोक आदल्या दिवसापासून दूध काढत नाहीत, कास तुंबवतात, सड ताठ होतात, गिऱ्हाईक बघून खूश होतं. गाय मात्र पाय फाकून उभी असते, तिला टेकवत नाही, पुढे दगडी, म्हणजे कासेचा आजार, होतो तो वेगळाच. तात्या तुंबलेली गाय दावणीला बांधूच द्यायचे नाहीत. "आधी तिची कास मोकळी करा, मग किमतीचं बोला." आणि दूध काढायला स्वतः बसायचे, चारी सडांची धार वेगवेगळी बघायचे, पहिली धार तळहातावर घेऊन गाठ आहे का ते चोळून बघायचे. हे मी कॉलेजात शिकलो, ते त्यांना न शिकता येत होतं. एखादा सड आंधळा, म्हणजे दूध न येणारा, निघाला तर गिऱ्हाइकाला आधी सांगायचे आणि विकणाऱ्याला नंतर. त्यावरून किती भांडणं झाली.

शिंगांचंही तेच. गाईच्या शिंगावर वेतागणिक वळी पडतात, ती काचेनं खरवडून, तेल लावून शिंग गुळगुळीत करतात म्हणजे चौथ्या वेताची गाय दुसऱ्या वेताची म्हणून खपते. तात्या शिंगाकडे बघायचेच नाहीत, सरळ जबडा उघडायचे. जनावराला वर पुढचे दात नसतात, खाली आठ, त्यातले पक्के दात जोडी-जोडीनं येतात, अदंत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळलं, साधारण साडेचार-पाच वर्षांचं. जुळल्यावर पुढचं वय झिजेवरून सांगायचं आणि तिथे भलेभले चुकतात. दोनदा तरी असं झालंय की मी एक सांगितलं, त्यांनी एक सांगितलं, आणि गाईच्या मूळ मालकाकडून कळलं ते त्यांच्या आकड्याला जवळचं निघालं.

घरचा माणूस म्हणून तर काय सांगू. बाजार उठला की बाकीचे दलाल ढाब्यावर, तात्या घरी. दलालीचे पैसे काकूंच्या हातात, मोजायच्या त्या. मुलगा पुण्यात कंपनीत लागला, त्याला कधी बाजारात ये म्हणाले नाहीत. थोरली मुलगी गावातच दिलेली, ती लहानपणापासून त्यांच्यामागे बाजारात यायची, लग्नानंतरही आली, आणि जनावरांच्या बाजारात बाई म्हणजे लोक काय काय बोलतात ते मी ऐकलंय. तात्या म्हणायचे, "तिला दात बघता येत्यात, तुमच्या पोराला येत्यात का?" विषय संपला.

2022 ला लम्पी आला, सप्टेंबरमध्ये बाजार बंद झाले. दलालाचं पोटच त्याच्यावर, तरी हा माणूस माझ्या गाडीत बसून वाड्या-वस्त्या फिरला, लोक शेळ्यांच्या देवीची लस गाईला कशाला म्हणून दारातून परत पाठवायचे, तात्या पुढे झाले की दावं सोडून जनावर आणायचे. मेलेल्या जनावरांची भरपाई होती, गाईला 30,000, बैलाला 25,000, वासराला 16,000, पण पंचनाम्याशिवाय नाही, आणि लोक रात्रीच पुरून मोकळे व्हायचे. तात्यांची मुलगी घरोघरी सांगत फिरली की आधी फोटो काढा, डॉक्टरला बोलवा. किती जणांचे फॉर्म तिनं भरले असतील.

आता त्या दिवसाचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं जनावरांचा सौदा म्हणजे आरडाओरडा, बोली. शेळ्या-मेंढ्यांकडे असतो आवाज. बैलाचा सौदा गुपचूप होतो. दलाल खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकतो, खाली गिऱ्हाइकाचा हात धरतो, किती बोटं धरली, पुरी धरली का पेराशी धरली, त्यावरून आकडा, आणि तो हजारात का दहा हजारात हे जनावर समोर असल्यावर सांगावं लागत नाही. तोंडानं फक्त "हे आणि हे". मग दलाल तोच टॉवेल घेऊन विकणाऱ्याकडे. म्हणजे पक्का आकडा तिघांनाच, आणि तिघांच्या मधला दुवा एकटा दलाल.

2014 ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यती बंद केल्यावर खिलार खोंडाला कुणी विचारत नव्हतं, तेव्हा तात्या शेतकऱ्यांच्या विनवण्या करायचे की कळप मोडू नका. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि भाव असे चढले की लांबलांबचे व्यापारी जीप घेऊन यायला लागले. तिथूनच उधारी वाढली. विसार, म्हणजे थोडी आगाऊ रक्कम, देऊन जोडी न्यायची, राहिलेले दोन-तीन बाजारांत. जामीन कोण? तात्यांचा शब्द.

तशीच एक जोडी, दोन दाती, पांढरीशुभ्र, तात्या जायच्या थोडं आधी गेलेली. विकणारा कोरडवाहू शेतकरी, पोरीच्या लग्नासाठी विकली त्यानं. तो म्हणतो एक लाख एक्केचाळीस. व्यापारी म्हणाला एक अकरा. आणि पावतीवर 75,000. आता पावतीवर कमी का, तर बाजार फी किमतीवर टक्क्यानं लागते म्हणून दोघं मिळून कमी लिहून घेतात, पावती फाडणाऱ्यालाही माहीत असतं, सगळ्यांना माहीत असतं. थोडे रुपये वाचवायला आपला एकुलता एक पुरावा माणूस स्वतःच्या हातानं खोटा करतो, आणि हे थांबवायचं कुणी मनावर घेत नाही याचा मला अजून राग येतो.

शेतकरी रडकुंडीला आलेला. व्यापारी शांत. "तात्यांनाच इचारा की," म्हणाला. आसपासच्या चार लोकांनी खाली बघितलं.

ताई, म्हणजे तात्यांची थोरली मुलगी, टपरीकडे होत्या, कुणीतरी बोलावून आणलं. त्यांनी तात्यांची वही आणलेली, तीत तारीख आणि दोघांची गावं होती, आकडा नव्हता, तात्या आकडा लिहायचेच नाहीत. दोघांचं ऐकून घेतलं. मला वाटलं आता म्हणतील की मिटवून घ्या, मधला आकडा काढा, बाजारात नव्वद टक्के भांडणं तशीच मिटतात. त्यांनी वडलांचा टॉवेल पसरून स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि व्यापाऱ्यासमोर धरला.

"मामा, तात्यांच्या हातात जे धरलं होतं तेच माझ्या हातात धरा. तोंडानं काय बोलू नका."

परक्या बाईचा हात धरायचा, भर बाजारात, पन्नास-साठ माणसं बघतायत. व्यापारी वयानं मोठा. तो हललाच नाही. मागून कुणीतरी काहीतरी घाणेरडं बोललं, त्याला दुसऱ्यानं गप्प केलं. ताईंचा हात तसाच पुढे. शेवटी त्यानं टोपी काढून काखेत धरली आणि टॉवेलखाली हात घातला. वेळ लागला. नेहमीच्या सौद्याला लागतो त्यापेक्षा जास्तच.

ताईंनी टॉवेल काढला, शेतकऱ्याकडे वळून म्हणाल्या, "एक्केचाळीस. बरोबर हाय तुमचं." व्यापारी एक शब्द बोलला नाही. विसार वजा करून तिथंच नोटा मोजल्या, पाचशेच्या, कमी पडल्या त्या सोबतच्या माणसाकडून घेतल्या. शेतकरी ताईंच्या पाया पडायला वाकला, त्यांनी धरलं त्याला.

इथवर ऐकून सगळे म्हणतात वा. मला पुढचं छळतंय. बाजार उठताना मी बिल्ल्यांची पेटी गाडीत ठेवत होतो, तेव्हा व्यापाऱ्याच्या जीपजवळ ताई उभ्या होत्या आणि त्यांच्या हातातून त्याच्या हातात काहीतरी गेलं. काय गेलं ते मला दिसलं नाही. त्या जोडीची उलटी आलेली दलाली असेल. विसाराचा काही हिशोब असेल. किंवा त्यानं टॉवेलखाली अकराच धरलं असेल, ताईंनी बापाच्या शब्दापायी बाहेर एक्केचाळीस सांगितलं असेल, आणि मधले तीस हजार घरातून भरले असतील. मग तो गप्प का बसला याचाही अर्थ लागतो. पण खरंच एक्केचाळीस धरलं असेल, म्हाताऱ्याच्या जागी त्याची लेक उभी बघून त्याला खोटं बोलवलं नसेल, तर मी त्या माणसावर उगाच संशय घेतोय.

पुढच्या बाजाराला चहा पिताना विचारलं मी. म्हणाल्या, "डॉक्टर, टॉवेलाखालचं बाहेर सांगत नसत्यात. तात्यांनी तुम्हाला कधी सांगितलं का?" नव्हतं सांगितलं, इतक्या वर्षांत कधीच नाही.

काकूंना पेन्शन नाही. तात्यांच्या दवाखान्याचं बिल अजून फिटतंय हे मला मुलाकडून कळलंय. असे अर्धवट सौदे अजून किती बाहेर आहेत ते त्या वहीवरून कळत नाही, आणि प्रत्येक वेळी टॉवेलच पसरायचा झाला तर त्या घराचं काय होईल. मी त्यांना म्हटलं, निदान इथून पुढे तुमच्या दावणीचा खरा आकडा पावतीवर घाला, फी जाऊ दे. त्या म्हणाल्या गिऱ्हाईक दुसऱ्या दावणीला जाईल. तरी दोन बाजारांपासून घालतायत. गिऱ्हाईक थोडं कमी झालंय, परवा चारच जोड्या होत्या त्यांच्याकडे, त्यातली एक त्याच व्यापाऱ्यानं नेली, रोखीनं.