इंजिन बदलायला निघालो आणि आधी भिंत बांधावी लागली

नव्याने घेतलेल्या जुन्या बोटीच्या इंजिनातली डिपस्टिक, म्हणजे ऑइल बघायची पट्टी, बाहेर काढली तर तिच्यावर कटिंग चहा होता. म्हणजे तसंच दिसत होतं, दूध घातल्यासारखं, वर बारीक फेस. ज्याने आयुष्यात एकदा तरी इंजिन उघडलंय त्याला पुढचं सांगायला नको, ऑइलात पाणी गेलेलं. विकणारा मला म्हणला होता, नुसती बॅटरी उतरलीये, चार्ज केली की चालू होईल. मी डिपस्टिक बघितली घरी आणल्यावर. आधी का नाही बघितली असं बायकोने विचारलं, त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. ट्रेलरसकट ३,८०० डॉलर दिले होते आणि नुसता ट्रेलर विकला असता तरी हजारेक आले असते, एवढंच काय ते समाधान.

बोट म्हणजे १९८५ ची डॉन्झी १८. मी मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉइटच्या बाजूला, इथे गाड्यांच्या कंपन्यांमुळे पुण्याची इतकी माणसं आहेत की वाणसामानाच्या दुकानात मराठीत कुजबुजायची सोय राहिली नाही. त्यातल्या बहुतेकांचे वीकेंड क्रिकेट नाहीतर कॉस्टकोत जातात, माझे गेली दोन वर्षं गॅरेजात गेले. अठरा फूट लांब, सात फूट रुंद, पुढून सुरीसारखी टोकदार आणि आत पाच माणसं बसवली तर पाचवा शिव्या देणार अशी ही बोट. पण तिची खालची बाजू बघा. पार मागेपर्यंत २४ अंशांची व्ही आहे, सपाट कुठे होतच नाही, त्यामुळे लाटेवर आपटण्याऐवजी ती लाट कापत जाते. हा खोल व्हीचा प्रकार रे हंटने आणला आणि १९६० च्या मायामी-नासाउ शर्यतीत तसल्या बोटीने बाकीच्यांना धुतलं तेव्हा लोकांचे डोळे उघडले. डॉन्झी कंपनी डॉन अरोनाउने १९६४ मध्ये काढली. न्यू जर्सीत बांधकामात पैसा करून मायामीला गेलेला माणूस, कंपनी काढायची, नावारूपाला आणायची, विकायची आणि शेजारीच दुसरी काढायची हा त्याचा धंदा, फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम, सिगरेट सगळ्या त्याच्याच. १९८७ मध्ये मायामीत त्याला भरदिवसा गोळ्या घातल्या. ते प्रकरण इतकं मोठं आहे की त्यावर लिहायला बसलो तर माझं इंजिन राहून जाईल.

तर इंजिन. ओरिजिनल मर्क्रुझर २६०, म्हणजे शेव्रोलेचं ५.७ लिटरचं व्ही-८, ज्याला ३५० घन इंचाचं म्हणून इथे सगळे थ्री-फिफ्टी म्हणतात. हे तळ्याचंच पाणी आत ओढून थंड होतं, रेडिएटर वगैरे भानगड नाही. इथल्या हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली पंधरा-वीसपर्यंत जातो, तेव्हा सीझन संपला की ब्लॉकमधलं, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडातलं, सगळं पाणी काढून टाकायचं असतं. नाही काढलं तर त्याचा बर्फ होतो, बर्फ पाण्यापेक्षा नऊ टक्के जास्त जागा मागतो, आणि बिडाचं लोखंड ती जागा देत नाही, फुटतं. माझ्या ब्लॉकला स्टार्टरच्या वर वीतभर चीर होती. मजा म्हणजे आधीच्या मालकाने पाणी काढायचा प्लग उघडला होता, ते मला त्याच्या ताज्या सीलंटवरून कळलं. पण भोक आतून गंज आणि रेतीने बुजलेलं. त्याने प्लग काढला, दोन थेंब आले, वाटलं झालं रिकामं.

मग ठरवलं, नवीन इंजिन टाकू. आणि त्या निमित्ताने थोडं मोठं टाकू. ही सगळ्यांची पहिली चूक असते.

इंजिन काढलं, मागचा ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर पंख्यापर्यंत नेणारा बाहेरचा भाग, उतरवला, आणि सहज म्हणून ट्रान्समवर प्लास्टिकच्या हातोडीने ठोकून बघितलं. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची भिंत, अख्खा ड्राइव्ह तिच्यावर लटकतो आणि बोटीला पुढे ढकलणारा सगळा जोर तिच्यातूनच जातो. वर ठोकलं तर टण टण, खाली ठोकलं तर भद भद. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, अगदी तसंच. एक भोक पाडलं तर ड्रिलला काळा ओला भुसा लागून आला. ही भिंत म्हणजे दोन बाजूंनी फायबर आणि मधे प्लायवूड असं सँडविच असतं, आणि कुठल्या तरी स्क्रूच्या भोकातून तीसेक वर्षं पाणी झिरपत होतं. आतलं कातडं ग्राइंडरने कापून काढलं तर प्लायवूड हाताने निघायला लागलं, चहात जास्त वेळ राहिलेल्या खारीसारखं. आणि वास. ओल्या गोणपाटाचा, त्यात पेट्रोल.

एक उन्हाळा गेला त्या भिंतीत. इंजिनाचं काम लोक फोटो काढून दाखवतात, हे काम कोणी दाखवत नाही कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं, पांढरा सूट घालून मास्क लावून एक माणूस घासतोय एवढंच. फायबरची धूळ कितीही झाकून घ्या, मनगटापाशी आणि मानेपाशी शिरतेच आणि मग रात्रभर खाज. गार पाण्याने आंघोळ करायची, गरम घेतलं की अजून आत जाते असं सगळे सांगतात. पाऊण इंची मरीन प्लायचे दोन तुकडे इपॉक्सीने एकमेकांना आणि बाहेरच्या कातडीला चिकटवले, वर आतून कापडाचे थर. आता मर्क्रुझरची अट अशी की भिंतीची जाडी ५१ ते ५७ मिलिमीटरमध्ये पाहिजे आणि आतली-बाहेरची बाजू एकमेकींना समांतर, फरक तीन मिलिमीटरच्या वर नको. मी कडेचे क्लॅम्प जीव खाऊन आवळले. रेझिन तिथून सगळं पिळून निघालं, कडेला ५१ आणि मधे ५५. एक मिलिमीटरसाठी शनिवार आख्खा ग्राइंडर मारत बसलो. जास्त आवळलं म्हणजे जास्त पक्कं बसतं हा समज कुठून येतो माहीत नाही, पण माझ्या हातात तो जन्मापासून आहे.

मग इंजिन कुठलं? मनात ३८३ स्ट्रोकर होतं. म्हणजे थ्री-फिफ्टीच्याच ब्लॉकची सिलिंडरं थोडी रुंद करून त्यात पावणेचार इंच स्ट्रोकचा क्रँक, पिस्टनची धाव लांबवणारा. रात्री एक वाजता पार्ट्सची बेरीज करत बसायला यासारखं सुख नाही. पण माझा ड्राइव्ह अल्फा वन, आणि तो ३०० हॉर्सपॉवरच्या पुढे भरवशाचा राहत नाही, त्यातही पॉवरपेक्षा टॉर्क त्याला मारतो. लाटेवरून बोट उडाली की पंखा पाण्याबाहेर येतो, इंजिन भणभणतं, आणि परत पाण्यात पडला की सगळा झटका गिअरच्या दातांवर. त्याच्याऐवजी जास्त दणकट ब्रावो घ्यायचा तर ड्राइव्ह, ट्रान्समचा सांगाडा सगळंच बदला, अजून पाच-सहा हजार. तेव्हा गपगुमान नव्या धर्तीच्या व्होर्टेक हेडचं ५.७ लिटरचं मरीन लाँग ब्लॉक, म्हणजे हेडसकट जोडलेलं पण बाहेरचं सामान नसलेलं इंजिन, मागवलं, तीनशेच्या अलीकडेच राहील असं.

त्यात एका मित्राने कारचा रेसिंग कॅम, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा, घालायचा सल्ला दिला होता, तो ऐकला असता तर वाट लागली असती. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये थंड करायला पाणी सोडतात, ते धुराबरोबर मागून बाहेर पडतं. जोरदार कॅम असला की दोन्ही व्हॉल्व एकाच वेळी जरा जास्त उघडे राहतात, आणि आयडलला इंजिन तो धूर उलटा ओढतं, पाण्यासकट. कारमध्ये जे ‘काय मस्त आवाज येतोय’ ते बोटीत सिलिंडरमध्ये पाणी.

आणि थ्री-फिफ्टी ते थ्री-फिफ्टी, सगळं जुनं सामान बसेल, असं मी समजून चाललो होतो. फ्लायव्हील बसेना. १९८६ ला जनरल मोटर्सने मागचं ऑइल सील बदललं, दोन तुकड्यांचं होतं ते एक तुकड्याचं केलं, आणि त्याबरोबर क्रँकची बोल्टची भोकंच बदलली. इनटेक मॅनिफोल्ड बसेना, जुन्याला बारा बोल्ट, व्होर्टेकला आठ. या ब्लॉकला जुना फ्युएल पंप लावायला जागाच नाही, मग इलेक्ट्रिक पंप, आणि तो ऑइल प्रेशरच्या स्विचमधून जोडायचा, म्हणजे इंजिन बंद पडलं की पेट्रोलही बंद. दर आठवड्याला एक खोका दारात. बायकोने खोके उघडायचं आणि मी किमती सांगायचं, दोन्ही बंद केलं.

मे महिन्यात बाबा आले. बाबा चिपळूणला एसटीच्या वर्कशॉपला होते, सगळं आयुष्य लेलँडच्या इंजिनांखाली. पहिल्या दिवशी गॅरेजात आले, हात मागे बांधून एक चक्कर मारली आणि म्हणाले, “अरे, याच्यात दोन टोपल्या मासे तरी मावतील काय?” मी म्हणलं, बाबा, ही मासे मारायची बोट नाही. “मग कशाची?” याला उत्तर देता आलं नाही.

स्टार्टरची किंमत बघून मात्र ते खवळले. तसाच दिसणारा गाडीचा स्टार्टर अर्ध्या किमतीत मिळतो ते त्यांनी दुकानात स्वतः बघितलं होतं. मी सांगितलं, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बोटीच्या तळाला साचते, गाडीखालून ती निघून जाते, इथे जायला वाटच नाही, म्हणून बोटीचा स्टार्टर, अल्टरनेटर सगळं ठिणगी बाहेर न पडणारं लागतं, आणि चालू करायच्या आधी चार मिनिटं ब्लोअर लावून हवा काढायची. ते एक मिनिट गप्प. “म्हणजे सिलिंडर लीक झाल्यावर लाइट लावू नये, तसं.” हो, तसंच. त्यानंतर प्रत्येक वेळी चार मिनिटं ते घड्याळ लावून मोजायचे, मी तीन मिनिटांनी चावीला हात लावला की “हं!”

इंजिन चेनब्लॉकने आत सोडलं त्या दिवशी आम्ही दोघंच. चारशे किलोच्या आसपासचं धूड भिंतीपासून बोटभर अंतरावर झुलतंय आणि आतली वायरिंग सांभाळायची. त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आणायचे. एक लांब पोलादी दांडा मिळतो, तो बाहेरून ट्रान्सममधल्या गिंबल बेअरिंगमधून, ज्यात ड्राइव्हचा शाफ्ट फिरतो, घालायचा आणि इंजिनच्या कपलरच्या दातांत शिरवायचा. पुढच्या फाउंडेशनचे नट फिरवून इंजिनचं नाक वर-खाली करत राहायचं, जोपर्यंत तो दांडा सहज जात नाही. माझा जात होता. जरा जोर लावला की जात होता. बाबा म्हणाले, “काढ.” टोकाला ग्रीस लावलं, परत घातला, परत काढला. ग्रीसवर वरच्या बाजूला दातांचे खोल ठसे, खाली जवळपास काहीच नाही. “बघ, एकीकडे खातंय. दोन बोटांनी गेलं पाहिजे.” नट पाव फेरा, दांडा, ग्रीस, बघा, पुसा, परत पाव फेरा. दोन तास. मॅन्युअल नंतर चाळलं तर त्यात तेच होतं, दोन बोटांसकट. बाबांनी मॅन्युअल उघडलंही नव्हतं.

जुलैत सेंट क्लेअर तळ्यात उतरवली. इथून वर अल्गोनॅकच्या बाजूला नदीवर गार वुड नावाच्या माणसाने १९३२ मध्ये चार पॅकार्ड इंजिनं लावून बोट तासाला १२४ मैलांच्या वर पळवली होती, हे मी बाबांना मोठ्या थाटात सांगत होतो आणि ते खाली बघत होते. “हे पाणी आपलं का बाहेरचं?” बुटांपाशी पाणी. तळाचा ड्रेन प्लग माझ्या खिशात. दोन वर्षं, तीस-चाळीस याद्या लिहिल्या असतील, आणि एक पितळी बूच लावायचं राहिलं. ट्रेलर अजून रॅम्पवर होता म्हणून वाचलो, नाहीतर हा ब्लॉग दुसऱ्याच विषयावर असता.

पुढच्या शनिवारी खरी ट्रायल. जुना २१ पिचचा पंखा होता, इंजिन ५,१०० आरपीएमच्या वर पळायला लागलं, म्हणजे पंखा हलका पडतोय. २३ पिचचा स्टीलचा घेतला. हिशोब सोपा आहे, पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे जाईल, ४,७५० आरपीएम, दीडचा गिअर (इंजिनाचे दीड फेरे, पंख्याचा एक), म्हणजे कागदावर तासाला ६९ मैल. जीपीएसवर आले ६०. मधले १३ टक्के पाणी खातं, त्याला स्लिप म्हणतात आणि एवढी चालते. ९६ किलोमीटर म्हणजे एक्स्प्रेसवेवर काहीच नाही. सेंट क्लेअर तळं मोठं पण उथळ, सरासरी खोली अकराएक फूट, लाटा बुटक्या आणि एकमेकींना चिकटून, त्यावर ९६ म्हणजे मणके मोजून होतात. पंचावन्न मैलांच्या पुढे बोट डावी-उजवीकडे डुलायला लागते, या खोल व्हीचा हा स्वभावच, कारण ती एका धारेवर तोल सांभाळत असते. ट्रिम, म्हणजे ड्राइव्हचा कोन, थोडी खाली घ्यायची, स्टिअरिंग हलकं धरायचं, घाबरून उलटं-सुलटं फिरवलं तर वाढतं. मी फिरवलं. किल स्विचची दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडतं, मांडीला बांधलेली होती तरी पोटात गोळा. बाबा पुढचा दांडा धरून ताठ बसलेले, थांबलो तेव्हा म्हणाले, “इंजिन छान चाललंय.” बाकी काही नाही. मग म्हणाले, वळताना मागून जरा घरघर येते. येतच होती. नवीन गिंबल बेअरिंगला ग्रीस कमी गेलेलं.

एकूण खर्च साडेचौदा हजार डॉलरच्या थोडा पुढे. याच पैशात चालती, याच मापाची बोट मिळाली असती, मी शोधून बघितलंय, तुम्ही शोधू नका.

ऑक्टोबरात बाबा परत गेले. महिन्याच्या शेवटी पहिलं गोठण यायच्या आत मी बोट गॅरेजात घेतली आणि ब्लॉकचे प्लग काढले. चिपळूणला तेव्हा रात्रीचे साडेनऊ, व्हिडिओ कॉल चालू, फोन बॅटरीच्या खोक्याला टेकवून ठेवलेला. डावीकडून तांब्याभर पाणी धो धो आलं. उजवीकडून थोडं आलं आणि थांबलं. मी म्हणलं झालं वाटतं.

“तार घातलीस?”

कपड्याच्या हँगरची तार सरळ करून आत घातली, फिरवली. एकदम काळपट रेती आली, शंखाचा एक बारीक चुरा आणि त्यामागून पाणी, माझ्या बाहीत, कोपरापर्यंत.

“अजून घाल,” बाबा म्हणाले.